परप्रांतीयांचा मुद्दा प्रचारात कधी येतो आणि कधी गायब होतो?

प्रश्न असा आला आहे: “मी कागलजवळच्या एका गावात राहतो, राज्यशास्त्रात एम.ए. करतोय. पंचतारांकित एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची माणसं मोठ्या संख्येनं कामाला आहेत. निवडणूक आली की ‘भूमिपुत्रांना काम’ अशी भाषणं होतात, निकालानंतर कुणी नाव काढत नाही. हा मुद्दा कधी उचलायचा आणि कधी सोडायचा हे पक्ष कसं ठरवतात? इंग्लंड-अमेरिकेत याच मुद्द्यावर सरकारं बदलतात, मग आपल्याकडे तसं का होत नाही?”

मी गेली पंचवीसेक वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात प्रचाराची कामं करतो. पत्रकं लिहिणं, याद्या फोडणं, कोपरा सभा लावणं, मतदानादिवशी बूथ सांभाळणं. तीन वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांसाठी हे केलं आहे, त्यामुळे कुठल्या एका झेंड्याचा राग किंवा लोभ मनात ठेवून लिहीत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर एका वाक्यात मावतं: भाषण ऐकण्याआधी मतदारयादी बघा. ज्याच्यावर बोललं जातंय त्याचं नाव यादीत आहे की नाही, यावर बोलणाऱ्याचा सूर ठरतो.

इचलकरंजीतला एक प्रसंग सांगतो. या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला आणि तेव्हापासून हे गाव बाहेरून येणाऱ्या माणसांवरच वाढलं. आधी कर्नाटकातले विणकर आले, राजस्थानातले व्यापारी आले, नंतर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार. एका पालिका निवडणुकीत माझ्याकडे एका प्रभागाची यादी होती. एका गल्लीत राजस्थानी कुटुंबं, तिसरी पिढी, अस्खलित मराठी. घरटी पाच-सहा नावं यादीत. त्यांच्यासाठी आमच्या उमेदवाराचा वेगळा मेळावा झाला, फेटे बांधले, समाजाच्या सभागृहाला निधीचा शब्द दिला. त्याला लागूनच दुसरी गल्ली. खाली माग, वर पत्र्याची खोली, एका खोलीत आठ-दहा जण, दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच अंथरुणावर पडणार. तिथं आमचा कार्यकर्ता हातातल्या स्लिपांचा गठ्ठा बघून म्हणाला, “हितं एक बी नाव नाही, चला पुढं.” जिन्यात बसलेल्या एका पोरानं आम्हाला थांबवून प्लास्टिकच्या पिशवीतून आपलं मतदार ओळखपत्र काढून दाखवलं. बिहारमधल्या गावचं होतं. मिळाल्यापासून एकदाही वापरलं नव्हतं, कारण मतदानाला जायचं तर जाऊन-येऊन आठवड्याची मजुरी बुडते आणि परत आल्यावर माग दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो.

त्याच संध्याकाळी तिथून हाकेच्या अंतरावर आमची सभा होती. वक्त्यानं चोऱ्या, अस्वच्छता, पाण्याची टंचाई, सगळं “बाहेरून आलेल्या लोंढ्या”वर टाकलं. टाळ्या पडल्या. शेजारच्या गल्लीतल्या राजस्थानी कुटुंबांचे कर्ते पुढच्या रांगेत बसले होते आणि त्यांनाही ते आपल्याबद्दल वाटलं नाही. त्या भाषणानं आमचं एकही मत जाणार नव्हतं. ते भाषण मी लिहून दिलं नव्हतं, पण थांबवलंही नव्हतं, आणि त्याचा मला आजही त्रास होतो.

आता या पोराचं नाव यादीत का नव्हतं, ते बघा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथं त्याची नोंद होते आणि एका वेळी एकाच मतदारसंघात होते. म्हणजे तो इचलकरंजीत नाव लावू शकत होता. पण राहण्याचा पुरावा लागतो. खोली कारखानदाराची, भाडेकरार नाही, वीजबिल मालकाच्या नावावर. मालकालाही कागद करून देण्यात रस नसतो. शिवाय गावाकडचं नाव कापलं तर तिकडचं रेशन, घरकुल, सगळंच हातचं जाईल अशी भीती. २०२५ साली बिहारमध्ये याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळाली. त्यांतली सुमारे ३६ लाख ‘कायमचे स्थलांतरित किंवा आढळले नाहीत’ या रकान्यातली होती. गावाकडच्या यादीतून नाव गळालं आणि इथल्या यादीत चढलं नाही, तर तो माणूस दोन्हीकडून सुटतो. निवडणूक आयोगानं दुसऱ्या राज्यातून मतदान करता येईल असं यंत्र जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. बहुतेक विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि विषय तिथंच राहिला.

याच्या उलट ऊसतोड मजुरांचं बघा. बीडकडच्या टोळ्या दरवर्षी आपल्या जिल्ह्यात येतात, फडाशेजारी खोपी घालून राहतात. त्यांची मतं त्यांच्या गावी शाबूत असतात आणि तिथल्या जागा त्या मतांवर फिरतात. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि गाळप हंगाम तोंडावर आला होता, तेव्हा टोळ्यांचं मतदान चुकू नये म्हणून हंगामाच्या तारखेवर राज्यभर चर्चा झाली. स्थलांतर दोघांचंही पोटासाठीच आहे. एकासाठी हंगामाच्या तारखेचा विचार होतो, दुसऱ्याच्या दारात स्लिप देणाराही थांबत नाही.

यादीनंतर दुसरी गोष्ट बघायची ती पैशाची वाट. एका विधानसभेला जाहीरनाम्याचा मसुदा माझ्याकडे होता. उमेदवाराच्या तरुण कार्यकर्त्यांचा आग्रह होता की ‘एमआयडीसीतील परप्रांतीय भरती थांबवू’ असं ठळक वाक्य हवं. वाक्य घातलं. रात्री अकराच्या सुमारास बैठकीला एक फौंड्रीवाले, म्हणजे धातू ओतकामाच्या कारखान्याचे मालक, आले. प्रचारातल्या गाड्यांचा बराच भार त्यांच्यावर होता. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, “भट्टीवर उद्या कोण उभं राहणार? फेटलिंगला, ओतलेला माल घासायला, आपल्या गावातली चार पोरं आणून दाखवा, मी आज रात्री भरती करतो.” खोलीत कुणी बोललं नाही. सकाळी छापायला गेलेल्या मसुद्यात ‘स्थानिकांना रोजगारात प्राधान्य देण्यासाठी प्रयत्नशील राहू’ असं वाक्य होतं. ‘प्रयत्नशील राहू’ हे शब्द जाहीरनाम्यात दिसले की त्यामागं अशी एखादी रात्र असते, एवढं लक्षात ठेवा.

फौंड्रीवाल्यांचं म्हणणं पूर्ण खरं होतं असं मी म्हणत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथं आपली पोरं काम करत नाहीत हा सरसकट आरोप मला पटत नाही. गावातला पोरगा घरून डबा घेऊन येतो, त्याला म्हैस आहे, पाऊण एकर ऊस आहे, गल्लीतलं मंडळ आहे, लग्नसराईत सुट्टी हवी आहे. बाराशे मैलांवरून आलेला माणूस कारखान्याच्या आवारातच राहतो, ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही आणि ठेकेदारामार्फत आलेला असल्यानं अपघात झाला तरी जबाबदारी टोलवता येते. खरा प्रश्न ठेकेदारी पद्धतीचा, मजुरीच्या दराचा आणि सुरक्षिततेचा आहे. मे २०२० मध्ये कोल्हापूर स्टेशनातून श्रमिक रेल्वे भरून गेल्या आणि मागोमाग कारखान्यांतली कामं अडली, तेव्हा हा प्रश्न सगळ्यांना उघडा दिसला होता. एका पक्षानंही तो पुढच्या प्रचारात आणला नाही. ठेकेदारांवर बोललं की कार्यकर्ते दुखावतात, कारण मजूर पुरवणारे ठेकेदार बऱ्याच ठिकाणी पक्षाचेच पदाधिकारी असतात. परप्रांतीयावर बोललं की कुणीच दुखावत नाही.

‘८० टक्के स्थानिक’ ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. ते धोरण आपल्याकडे जुनं आहे. २००८ च्या शासन निर्णयात उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांवर ५० टक्के आणि इतर जागांवर ८० टक्के स्थानिक घ्यावेत असं म्हटलं आहे, आणि स्थानिक म्हणजे १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. पण शासन निर्णय म्हणजे कायदा नव्हे. हरियाणानं खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के आरक्षणाचा कायदाच केला, तो पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. कर्नाटकानं जुलै २०२४ मध्ये असंच विधेयक आणलं आणि उद्योगांनी ओरड करताच काही दिवसांत थांबवलं. राज्यघटनेचं कलम १९ देशात कुठंही राहायला आणि धंदा करायला मुभा देतं. सभेत ही घोषणा देणाऱ्या बहुतेक नेत्यांना हे सगळं माहीत असतं.

कायद्याची आणखी एक अडचण प्रचारात असते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ (३) नुसार धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं जानेवारी २०१७ मध्ये त्याचा अर्थ आणखी कडक केला. म्हणून पत्रकात ‘परप्रांतीय’ शब्द क्वचित दिसेल. त्याऐवजी ‘भाडेकरू नोंदणी सक्तीची करू’, ‘फेरीवाल्यांची पडताळणी’, ‘कागदपत्रं तपासा’ असे शब्द येतात. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. उघडं बोलायचं काम रील आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं, तेही उमेदवाराच्या नावावर कधीच नसतं. अलीकडे त्यात ‘बांगलादेशी’ हा शब्द सर्रास फिरतो. आपल्या कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्याचं बारीक काम करणारे बंगाली कारागीर पश्चिम बंगालमधून आलेले, भारतीय नागरिक. बेकायदा सीमा ओलांडून येणं हा खरा विषय आहे आणि सरकारनं तो हाताळलाच पाहिजे. पण प्रचारात सीमेपलीकडचा माणूस आणि दुसऱ्या राज्यातला माणूस यांच्यातली रेघ मुद्दाम पुसली जाते, आणि त्याची किंमत गुजरीतला कारागीर देतो.

मुंबईचा इतिहास तुम्हाला अभ्यासात असेलच, म्हणून झटकन. शिवसेना १९ जून १९६६ ला स्थापन झाली. त्याआधीपासून ‘मार्मिक’मध्ये कार्यालयांतल्या दक्षिणी नावांच्या याद्या छापून येत होत्या. तेव्हा निशाण्यावर दाक्षिणात्य होते, पुढे उत्तर भारतीय आले. मात्र उत्तर भारतीयांची नावं मुंबईच्या याद्यांत भरू लागली तसा पक्षाचा सूरही बदलला: १९९३ मध्ये ‘दोपहर का सामना’ हे हिंदी दैनिक निघालं, २००३ मध्ये ‘मी मुंबईकर’ मोहीम आली. मागं राहिलेली जागा २००६ मध्ये स्थापन झालेल्या मनसेनं भरली, २००८ ची आंदोलनं केली आणि २००९ ला विधानसभेत १३ आमदार निवडून आणले. २०१४ ला १, २०१९ ला १, २०२४ ला एकही नाही. हा मुद्दा पक्षाला जन्म देऊ शकतो, मोठं करायला एकटा पुरत नाही. याच मुद्द्यावर सत्तेत आलेला पक्ष बघायचा तर आसाम: मंगलदोईच्या पोटनिवडणुकीच्या यादीत परकी नावं आहेत या तक्रारीतून १९७९ चं आंदोलन पेटलं, १५ ऑगस्ट १९८५ ला करार झाला आणि त्याच डिसेंबरात आंदोलनातून आलेली आसाम गण परिषद सत्तेवर बसली. तिथंही सुरुवात मतदारयादीनंच झाली होती. आणि उलटं उदाहरण झारखंड, २०२४. भाजपनं ‘रोटी, बेटी, माटी’ म्हणत घुसखोरीवर सगळी ताकद लावली. जागा ८१ पैकी २१ आल्या आणि झारखंड मुक्ती मोर्चाच्या आघाडीला ५६.

आता इंग्लंडकडे. तिथं हा विषय इतका तापतो, कारण स्थलांतराचा आकडा दर वर्षी अधिकृतपणे जाहीर होतो आणि त्यावर पक्षाला पकडता येतं. २०१० मध्ये डेव्हिड कॅमेरून यांनी निव्वळ स्थलांतर (येणारे वजा जाणारे) वर्षाला एक लाखाच्या खाली आणू असा शब्द दिला. युरोपीय संघातून येणाऱ्यांना थांबवण्याचा अधिकारच सरकारकडे नव्हता. २०१५ पर्यंत आकडा तीन लाखांवर गेला. जो आकडा आपल्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नये, हे मी प्रत्येक नव्या उमेदवाराला याच उदाहरणावरून सांगतो. त्याच २०१५ ला मजूर पक्षानं ‘स्थलांतरावर नियंत्रण’ असं छापलेले चहाचे मग विकायला काढले. पक्षातलेच लोक संतापले, आणि ज्यांना कडक धोरण हवं होतं ते काही मग बघून वळले नाहीत. दुसऱ्याचा मुद्दा उसना घेताना हीच गत होते, कारण त्या मुद्द्याचा मूळ मालक शेजारीच उभा असतो.

युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावरचं २०१६ चं ब्रिटनमधलं जनमत तर यादीचा धडाच आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय किंवा पाकिस्तानी नागरिकाला राष्ट्रकुलातला म्हणून मत होतं. पोलंडमधून आलेल्या, तिथं दहा वर्षं काम करणाऱ्या माणसाला मत नव्हतं. प्रचाराचा रोख युरोपातून येणाऱ्यांवर राहिला, आणि दक्षिण आशियाई वस्त्यांत उलट असं सांगितलं गेलं की युरोपची ये-जा थांबली तर आपल्याकडून आचारी, कामगार आणणं सोपं होईल. २३ जूनला ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा निर्णय झाला. तिथंही तेच झालं जे इचलकरंजीच्या त्या दोन गल्ल्यांत मी पाहिलं होतं.

डेन्मार्कमध्ये २०१९ ला सोशल डेमोक्रॅट पक्षानं कडक धोरण मनापासून स्वीकारलं, मजूर पक्षाच्या त्या चहाच्या मगासारखं नुसतं दाखवायला नाही, आणि डॅनिश पीपल्स पार्टी २१ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या आत आली. पण त्यात निर्वासितांना काय सोसावं लागलं हा हिशेब मतांच्या टक्केवारीत येत नाही. कॅलिफोर्नियात १९९४ ला गव्हर्नर पीट विल्सन यांनी विनापरवाना राहणाऱ्यांच्या शाळा-दवाखाने बंद करणाऱ्या प्रस्ताव १८७ वर निवडणूक जिंकली. प्रस्ताव न्यायालयात अडकला, आणि त्यानंतर लॅटिन वंशाच्या कुटुंबांनी मोठ्या संख्येनं नागरिकत्व घेऊन मतदार म्हणून नोंद केली. विल्सन यांचा रिपब्लिकन पक्ष त्या राज्यात हळूहळू मागं पडत गेला.

मग कोल्हापुरात या मुद्द्यावर निकाल का फिरत नाही? एक तर आपली निवडणूक गटातटाची असते. कारखाना कुणाचा, दूध संघ कुणाकडे, मागच्या वेळचा पैरा (केलेल्या मदतीची परतफेड) कुणी फेडला, यावर गावंच्या गावं फिरतात. २०१९ च्या लोकसभेला सतेज पाटील गटाच्या ‘आमचं ठरलंय’ या दोन शब्दांनी जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही जाहीरनाम्यानं केलं नाही. दुसरं, आपण स्वतः दोन्ही बाजूंना उभे आहोत. तुम्ही कागलचे, म्हणून सांगतो: कर्नाटक हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडला की निपाणी, बेळगावात आपलाच मराठी माणूस भाषेवरून परका ठरवला जातो. शेजारच्या विटा-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या जातात. आपल्या भागात हे घराघरात माहीत आहे, त्यामुळे ‘परप्रांतीय’ या शब्दावर टाळ्या मिळतात, पण मत देताना तो शब्द आठवत नाही.

तुमच्या प्रबंधाला उपयोग होईल असं एक काम सुचवतो. तुमच्या गावाचा आणि एमआयडीसीला लागून असलेल्या वस्त्यांचा यादीभाग मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. वस्तीत प्रत्यक्ष फिरून माणसं मोजा आणि किती जण यादीत आहेत ते लिहा. मग पुढच्या निवडणुकीत एकाच उमेदवाराच्या तीन सभा ऐका: गावातली, कारखानदारांसोबतची आणि कामगार वस्तीतली, झाली तर. शब्द न शब्द उतरवून शेजारी शेजारी ठेवा.

आणि वस्तीत जालच तर फॉर्म ६, म्हणजे नव्या मतदार नोंदणीचा अर्ज, बरोबर ठेवा. आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्या दिवशी १८ पूर्ण झालेल्याची नोंद होते. ज्याचं नाव आधीच गावाकडे आहे त्याच्यासाठी स्थलांतराचा फॉर्म ८. पण भरायला लावण्याआधी त्याला नीट विचारा, गावाकडचं मत सोडायची तयारी आहे का, कारण तो निर्णय त्याचा आहे. इचलकरंजीच्या त्या गल्लीत आम्ही काही मित्रांनी पुढे हे काम केलं. सगळ्यात अवघड गेलं ते घरमालकाकडून वीजबिलाची प्रत मिळवणं. एका खोलीसाठी मी चार वेळा गेलो, चौथ्या वेळी मालकाच्या आईनं आतून प्रत आणून दिली.